धाकटीची शिट्टी

तोकमोक, ५ मार्च

बूरुल एजे,

फोन तुम्ही उचलत नाही. गेल्या हिवाळ्यापासून तर तो वाजतही नाही, लावला की लगेच तुटतो. म्हणजे माझा नंबरच तुम्ही बंद करून टाकलाय, एवढं मला कळतं. म्हणून ही चिठ्ठी अत-बाशीच्या गाडीवाल्या एसेनजवळ देते आहे. सोबत रासबेरीच्या मुरंब्याची बरणी आहे. बरणी आईची, हिरव्या झाकणाची, तेवढी परत पाठवा. नाहीतर ती मला घरात घेणार नाही.

मला तुमच्याकडून काही नको आहे, हे आधीच सांगून ठेवते. सहज लिहिते आहे.

इकडचं सगळं ठीक. शाळेत मी अजून मुलींना खेळ शिकवते, मुख्याध्यापक अजून हॉकीच्या स्टिका झाडूंच्या खोलीत ठेवायला लावतात, आणि झाडणारी बाई अजून त्याच स्टिकांनी छताची जाळी काढते. बिश्केकच्या मैदानाचं कृत्रिम गवत मधोमध उसवलं होतं. त्यात एका मुलीचा पाय अडकला, तेव्हा कुठे महासंघाला जाग आली आणि त्यांनी ते जाड दोऱ्यानं शिवून घेतलं. मुली म्हणतात, आमचं मैदान म्हणजे गोधडी झालीय, फक्त पांघरायचीच बाकी आहे.

हां, एक बातमी आहे. तुमच्या डोंगरात पोचली नसेल. आपल्याकडे पंच किती आणि कसले, तुम्हाला काय सांगायचं. वर्षभर तेच चार-सहा संघ, त्याच मुली, बाकावर त्यांच्याच मावश्या नि आत्या. दुपारी जिच्या लेकीला पिवळं कार्ड दाखवायचं, संध्याकाळी तिच्याकडूनच बटाटे घ्यायचे. अशा ठिकाणी पंच मोठा होणार कसा? ताजिकांकडे तर आपल्याहून कठीण, उझबेक आणि कझाक आपल्यापेक्षा थोडे बरे, इतकंच. तर या चौघांनी मिळून यंदा ठरवलंय की पंच एकत्र घडवायचे. एकाचं मैदान, दुसऱ्याचे सामने, तिसऱ्याची गाडी. शिकवायला लिथुआनियाची एक दाल्या बाई आली आहे. तिचाही देश चिमूटभर. म्हणते, आम्ही शेजाऱ्यांशी असंच केलं, नाहीतर मी अजून गावच्या शाळेचेच सामने सांभाळत बसले असते.

तिची अट अशी की जोडी दोन देशांची हवी. एक पंच इकडची, एक तिकडची. माझ्या वाट्याला खुजंदची एक मुलगी आली आहे, फरोगत नावाची. माझ्याहून बरीच लहान, पण डोळे असे की विचारू नका. हद्दीचा रस्ता आता खुला झालाय, त्यामुळे ती बसनं येऊ शकते. सप्टेंबरात शिमकेंतला शेवटची स्पर्धा आहे. तिथे जोडी पास झाली तर दोघी आशियाच्या यादीत, नापास झाली तर दोघी घरी. एकटीला पुढे जाता येणार नाही. माझं वय बघता ही संधी पुन्हा यायची नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? गाईंचं कसं चाललंय?

त्या सामन्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

जिपार


तोकमोक, २ एप्रिल

बूरुल एजे,

बरणी मिळाली. धुतलेली, पुसलेली, झाकण घट्ट लावलेली, आणि रिकामी.

आईनं झाकण उघडून आत पाहिलं आणि मला विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, मग ही कुठली रीत? आपल्यात वैऱ्याचं भांडंसुद्धा रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर मीठ घालतात. तुमच्या घरात गाई आहेत, लोणी आहे, पीठ आहे, आणि माझ्यासाठी मीठही नाही. बरं. समजलं मला. एवढं स्पष्ट उत्तर तुम्ही मैदानावरही कधी दिलं नव्हतं.

मग मीही स्पष्ट लिहिते. मागच्या चिठ्ठीत ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं. मला तुमच्याकडून हवं आहे. प्रत्येक देशानं एक जुना, जाणता पंच मार्गदर्शक म्हणून द्यायचा आहे, जो शिमकेंतला परीक्षकांच्या टेबलाशी बसेल आणि प्रत्येक सामन्यावर आपलं मत सांगेल. ज्या देशाकडे असा माणूस नाही, त्याची जागा दुसऱ्याला जाईल. आपल्याकडे कोण आहे? ओमुरबेक अगाय मधमाश्या पाळतात आणि डाव्या कानानं त्यांना आता काही ऐकू येत नाही. उजव्या कानानं ते ऐकायचं टाळतात. बाकी तुम्हीच. तुम्ही आला नाहीत तर माझी आणि फरोगतची जोडी खेळायच्या आधीच बाद.

आता त्या सामन्याबद्दल. लिहिणार नव्हते, पण रिकामी बरणी पाहून हात थांबत नाही.

तुम्ही वरच्या बाजूला होतात, मी खालच्या. तुमच्या गोलासमोरच्या डीमध्ये झुंबड उडाली, चेंडू गोलात गेला, तुम्ही गोल दिलात. चेंडू मारणाऱ्या मुलीच्या पायाला लागला होता. तुमच्या समोर गोलकीपर आडवी होती, तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं. मला दिसलं. मी हात डोक्यावर नेऊन घड्याळ थांबवलं, धावत आले आणि सांगितलं. तुम्ही विचारलंत, "खात्री आहे तुला?" मी म्हटलं, आहे. तुम्ही गोल रद्द केलात. शेवटची शिट्टी न वाजवता मैदान सोडलंत आणि पुन्हा कधी आला नाहीत.

लोक म्हणाले, जिपारला अक्कल नाही. मोठ्या बाईला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, नंतर चहाला बसून हळूच सांगायचं असतं. तुमचे सासरचे सगळे बाकावर होते, दीर, नणंदा, म्हातारे सासरे टोपी घालून पहिल्या रांगेत. मला हे सगळं माहीत होतं. पण एजे, चहापर्यंत गोल तसाच राहिला असता. चहाला बसून गोल परत घेता येत नाही. निर्णय बरोबर होता आणि त्याची मी माफी मागणार नाही. तुम्हीच मला शिकवलंत की शिट्टी वाजवताना समोर कोणाची सून, कोणाची सासू ते बघायचं नाही. मी तुमचं ऐकलं, एवढाच माझा गुन्हा.

एसेन म्हणाला, तुम्ही बरणी घेतलीत आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हणतो, तुम्हा दोघींच्या मधे माझी उगाच फरपट. पण जाता जाता तो एक सांगून गेला. म्हणाला, तुम्ही संध्याकाळी गाई शिट्टीनं बोलावता. पंचाच्या शिट्टीनं. सगळं गाव हसतं आणि गाई मात्र रांगेत येतात.

ती शिट्टी अजून तुमच्या गळ्यात आहे, हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगत नाही. तुम्हाला राग येईल.

बरणी पुन्हा भरून पाठवते आहे. या वेळी ब्लॅककरंटचा मुरंबा.

जिपार


शिमकेंत, २१ मे

बूरुल एजे,

शिबिरातून लिहिते आहे. सरळ कामाचं लिहिते, कारण माझं घोडं एका ठिकाणी अडलंय आणि ज्यांना विचारावं असं तुमच्याशिवाय कोणी नाही.

फरोगत हुशार आहे. धावते तर पाय जमिनीला लागत नाहीत, नियम पाठ, शिट्टी खणखणीत. तिच्या अर्ध्या मैदानात ती राणी. पण माझ्या अर्ध्यात मला काही दिसलं नाही आणि तिला दिसलं, तर ती तोंड उघडत नाही. दाल्या बाईनं हे पहिल्याच दिवशी ओळखलं. मग तिनं सरावात खेळणाऱ्या मुलींना मुद्दाम शिकवलं की जिपारच्या पाठीमागे पाय लावा, स्टिक उचला, काहीही करा. फरोगत समोरून बघते आहे, मान खाली घालते आहे, आणि गप्प. नंतर मी विचारलं, तुला दिसलं होतं का? म्हणते, "आपा, तुम्ही बघितलं नाहीत म्हणजे झालंच नसेल."

आपण मोठ्या बहिणीला एजे म्हणतो, तसं तिच्याकडे आपा म्हणतात. मला आपा म्हणते आणि माझा सत्यानाश करते.

दाल्या बाईला वाटलं, पोरीला आत्मविश्वास नाही. मी म्हटलं, बाई, आत्मविश्वास पोतंभर आहे, पण तिच्या आईनं तिला नीट वाढवलंय. तिला ते कळेना. मग एक दिवस जेवणघराच्या दारात तिनं स्वतःच पाहिलं. दोन उझबेक पंच दाराशी उभे, तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, तुम्ही मोठे, तुमची पायरी मोठी. आत सूप निवलं. दोन कझाक पंच त्यांच्या मागे अडकून उभे, कारण त्या दोघांतही धाकटा होताच. दाल्या बाई सगळ्यांना ढकलून आत गेली आणि म्हणाली, आमच्याकडे पंचांना चुका सुधारायला शिकवावं लागतं, तुमच्याकडे आधी दारातून आत जायला शिकवावं लागेल.

सगळे हसले. पण दुपारी पुन्हा तेच.

मी फरोगतला रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. म्हटलं, मैदानावर मी आपा नाही, नुसती जिपार. तिनं हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, बरं आपा. एकदा तर तिनं खरंच हात वर केला, घड्याळ थांबवलं, माझ्यापर्यंत आली. मी वळून विचारलं, "खात्री आहे?" आणि ती तिथेच विरघळली. म्हणाली, नाही, माझीच चूक असेल. चूक तिची नव्हती. मी नंतर चित्रफितीत पाहिलं.

सप्टेंबरात माझ्या डीमध्ये काहीतरी होणार आणि मला ते दिसणार नाही, हे मी आताच सांगते. प्रत्येक पंचाचं तसंच होतं. तेव्हा ती गप्प राहिली तर जोडी बुडाली.

तुम्ही मला बोलायला कसं शिकवलंत, ते मी आठवून पाहिलं. तुम्ही काहीच शिकवलं नव्हतं. मीच उद्धट होते. उद्धटपणा दुसऱ्याला कसा शिकवतात, तेवढं सांगा.

जिपार


तोकमोक, १८ जून

बूरुल एजे,

बरणीत कुरुत. वाळवलेल्या दह्याचा, वरपर्यंत, दाबून भरलेला. आईनं एक खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. म्हणाली, ही उंचावरच्या दुधाची चव, आता ही बाई कोण ते मला सांग. मी सांगितलं नाही. अर्धी बरणी मी उशाशी ठेवलीय.

आणि झाकणाखाली ती कागदाची चिंधी. तीनच शब्द. "उचा तिला वाढ."

वाचून मी आधी चिडले. एवढं लांब पत्र लिहिलं आणि उत्तर मटणाचं. मग रात्री अंथरुणात पडल्यावर हसू आलं, कारण कळलं. चूक मी करत होते. तिला सांगत होते की मी मोठी नाही. मी मोठी आहे, ती लहान आहे, हे पुसता येत नाही. मग तिलाच मोठी करायची.

पुढच्या शिबिरात आम्ही मेंढा कापायला लावला. पैसे सगळ्यांनी मिळून काढले. ताटं लावायचं काम मी मागून घेतलं. कझाक, उझबेक सगळे जेवायला बसले, मोठे दाराच्या समोर उंचावर, लहान दाराजवळ, नेहमीसारखं. फरोगत दाराजवळच, चहा ओतायला किटली घेऊन. मी तिच्या हातातली किटली काढून घेतली आणि तिला म्हटलं, वर चल. ती म्हणाली, आपा, असं नका करू. मी तिला दंडाला धरून वर नेऊन बसवलं, सगळ्यात वडीलधाऱ्या सेरिकबाय अकसकालांच्या शेजारी. आणि उचा तिच्या पुढ्यात ठेवला, शेपटाकडचा तो मोठा चरबीदार तुकडा, जो आपण घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला देतो.

अकसकाल साठीच्या पुढचे, अल्माटीचे जुने पंच, कझाकांचे मार्गदर्शक. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या टोपीवर बसले आहे. फरोगतच्या डोळ्यांत पाणी. ताजिकांकडे उचाबिचा नाही, पण ताटात काय पडलंय आणि का पडलंय, हे तिला तेव्हाच कळलं. हळूच म्हणाली, मी हे खाऊ शकत नाही. मी किटली घेऊन दाराजवळ, तिच्या जागी बसले होते. तिथूनच म्हटलं, "परत केलास तर मला रिकामं भांडं परत केल्यासारखं होईल."

रिकामं भांडं कसं लागतं ते मला हल्लीच कळलंय ना, म्हणून सुचलं.

ती खायला लागली. रडत रडत, सगळा खाल्ला. चरबीसुद्धा. दाल्या बाई माझ्या कानात पुटपुटली की हिला मटण आवडत नाही का? मी म्हटलं, आवडतं, पण आज ते जरा जड आहे. आणि मग अकसकालांनी, आधी तोंड वाकडं करून बसलेल्या त्या म्हाताऱ्यांनी, जेवण संपल्यावर दुवा मागायला हात वर केले आणि शेजारी वळून तिला म्हणाले, "तू माग. तुझ्या ताटात उचा आहे." तिनं ताजिकमध्ये काहीतरी मागितलं. आम्हाला कोणालाच शब्द कळले नाहीत, पण सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

दुसऱ्या दिवशीच्या सरावात ती एकदा बोलली. आवाज बसलेला, नजर माझ्या बुटांवर. पण बोलली. चूक तिचीच निघाली, चेंडू पायाला लागला नव्हता. तरी मी तिचं ऐकलं आणि निर्णय फिरवला. दाल्या बाई डोक्याला हात लावून बसली. मी म्हटलं, आज चुकीचं असू दे, पण बोललेलं वाया गेलं असं तिला वाटायला नको.

एजे, हे तुम्हीच सांगू शकत होतात. जेवणाच्या पंगतीतून पंच घडवायचा, हे लिथुआनियात कुणाला सुचलं नसतं.

शिमकेंतला याल का?

जिपार


तोकमोक, २७ ऑगस्ट

बूरुल एजे,

महासंघानं मला शेवटचं विचारलं आहे. मार्गदर्शकाचं नाव सोमवारी द्यायचं. मी तुमचं नाव देते आहे. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत, आणि एसेन शपथेवर सांगतो की तुम्ही त्याला शिमकेंतला जायला किती लागतं असं विचारलंत. तो म्हणाला, सहज विचारलं असेल, भाव कळायला. तुम्ही सहज काही विचारत नाही, हे मला माहीत आहे.

आला नाहीत तर जागा ताश्कंदला जाईल, आणि मी फरोगतला काय सांगू ते मला सुचत नाही. तिनं उचा खाल्लाय. रोज सकाळी खुजंदमध्ये एकटी धावते.

माझ्यासाठी येऊ नका. तिला बघायला या. चार वर्षांपूर्वी मी जशी होते, त्याहून ती बरी आहे.

जिपार


तोकमोक, १ ऑक्टोबर

बूरुल एजे,

शिमकेंतला शेवटच्या सकाळी मी उठले तेव्हा तुमची खोली रिकामी होती आणि अंथरूण घडी घातलेलं. निरोप नाही, काही नाही. आख्ख्या स्पर्धेत तुम्ही माझ्याशी जेवणाच्या टेबलावर "मीठ दे" एवढंच बोललात. तरी मी म्हणते, एवढं तर बोललात.

तुम्ही परीक्षकांच्या टेबलाशी बसला होतात, म्हणजे माझ्या पाठीमागे. शेवटच्या सामन्यात तिथून तुम्हाला माझी फक्त पाठ दिसली असेल. पुढून काय झालं ते तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

ताश्कंद आणि तल्दीकोर्गान, बरोबरी, खेळ संपत आलेला. माझ्या डीमध्ये ताश्कंदच्या निळ्या मुली घुसल्या. एक बचाव करणारी माझ्या नजरेच्या आड आली, आणि चेंडू फळीवर आपटल्याचा आवाज. गोल. मी शिट्टी वाजवली, हात मध्याकडे केला. ताश्कंदचं सगळं बाक उभं राहिलं. आणि तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मला फरोगत दिसली, हात डोक्यावर, मनगटं एकमेकांवर, घड्याळ थांबवलेलं.

एजे, पहिला विचार माझ्या मनात काय आला सांगू? ही कालची पोरगी, ही कोण मला सांगणारी. मीच तिला दंड धरून वर बसवलं, मीच तिच्या ताटात वाढलं, आणि तरी नाकाला मिरच्या झोंबल्या. बाकांवर माझ्या शाळेच्या मुली होत्या, गाडी करून आलेल्या. समोर ती धावत येत होती आणि मला वाटलं, हिला यायला जरा वेळ लागावा. तेवढ्या क्षणात मैदानावर माझं कोणीच नव्हतं.

ती आली. म्हणाली, "आपा, पाय लागला. मारणारीच्याच."

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. खात्री आहे तुला? नुसतं एवढं म्हटलं असतं, त्या आवाजात, तर ती खचली असती. तो आवाज मला ऐकून माहीत आहे. मी तो आवंढ्याबरोबर गिळला. म्हटलं, "बरं." आणि गोल काढून घेतला, बचावाला फटका दिला. ताश्कंदची कर्णधार माझ्यावर ओरडली, तिला हिरवं कार्ड दाखवलं आणि सामना संपवला.

बाहेर आल्यावर फरोगत छातीवर हात ठेवून माझ्यासमोर उभी. म्हणे, आपा, माफ करा. मी म्हटलं, उचा खाल्लास ना, आता पचव. मग ती हसली आणि आम्ही दोघी रडलो, हेही तुम्हाला पाठीमागून दिसलं नसेल.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिथेच होतात. पण मी दाराजवळ बसून ते ऐकलं आणि ते मला माझ्या हातानं एकदा लिहायचं आहे. परीक्षकांच्या बैठकीत अकसकाल म्हणाले, पोरीचं बरोबर असेलही, पण मोठीनं विचारेपर्यंत थांबायला हवं होतं, एवढ्या लोकांत मोठीची शोभा झाली. दाल्या बाईनं चित्रफीत मागितली, तर तिच्यात त्या क्षणी एक मोठी पाठ आणि अर्धी स्टिक. मग तिनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तोवर तोंड उघडलं नव्हतं, चहाच्या पेल्यात दूध ओतत होतात.

तुम्ही म्हणालात, "धाकटी बरोबर होती."

आणि दूध ढवळलंत. आणि पेल्यातून वर न बघता म्हणालात, "दोन्ही वेळा."

अकसकालांनी विचारलं, दोन्ही वेळा म्हणजे? दुसरा सामना कुठला? तुम्ही म्हणालात, चहा गार होतोय. दाल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा उठून तुमच्याजवळ यायला हवं होतं. सकाळी येईन म्हटलं, आणि सकाळी तुम्ही नव्हतात.

यादी काल आली. आमची दोघींची नावं एकाच ओळीत आहेत. हिवाळ्यात पहिले सामने लागतील. फरोगतच्या आईनं खुजंदहून फोन केला आणि मला विचारलं की तुम्ही माझ्या लेकीला काय खायला घातलंत, आता ती बापालाही चुका दाखवते.

निर्णयाची माफी मी मागणार नाही, असं मी लिहिलं होतं. अजूनही मागत नाही, आणि आता तुम्हालाही ती नको आहे. पण त्या दिवशी मैदानावर तुम्ही किती एकट्या होतात, ते मला शिमकेंतच्या त्या सकाळी कळलं. कळल्याबरोबर धावत तुमच्याकडे यावंसं वाटलं, तर तुमची बस सुटून गेलेली.

दाल्या बाई वसंतात नव्या जोड्या घ्यायच्या म्हणते. विचारत होती, ती न बोलणारी बाई पुन्हा येईल का. मी म्हटलं, बरणी पाठवून बघते.

तर एसेनकडे बरणी देते आहे. धुतलेली, पुसलेली, झाकण घट्ट लावलेली, आणि रिकामी. चिडलात तर भांडायला तोकमोकला या. पुढच्या शनिवारी फरोगत येते आहे, मेंढा सांगून ठेवलाय. उचा कुणाला वाढायचा ते ती ठरवेल.

जिपार